सर्व हक्क वाल्देमार यांच्या स्वाधीन

वाल्देमार बेन्तानकोर यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याची एक ओळही चोरलेली नाही. चाली चोरल्या, पण चाली मोन्तेविदेओत सगळेच चोरतात, आणि तिथे त्याला चोरी म्हणत नाहीत, कार्निवल म्हणतात.

रीतच तशी आहे. फेब्रुवारी आला की वस्तीवस्तीचे मेळे तोंडाला रंग फासून मंचावर चढतात, लोकांच्या ओठांवरची एखादी चाल उचलतात आणि तिच्यावर स्वतःचे शब्द बसवतात. शब्द नवे हवेत, चाल जुनी चालते. चालते कसली, जुनीच लागते. नवी चाल लावली तर लोक चालच ऐकत बसतात आणि सरकारला हाणलेले टोमणे फुकट जातात.

पासो मोलिनो वस्तीच्या मेळ्याचे शब्द वाल्देमार लिहीत. दिवसा ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात बसत आणि ज्यांचे नळ गळत त्यांना ‘आपली तक्रार विचाराधीन आहे’ असं कळवत. ज्यांचे नळ कोरडे असत त्यांनाही तेच कळवत. या कामामुळे आपली भाषा घोटीव झाली आहे असं ते सांगत. त्यांच्या पत्नी मिर्ताबाई शाळेच्या कार्यालयातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. भाषेचं हे ऐकलं की त्या थर्मासमधलं गरम पाणी येर्बाच्या, म्हणजे तिथल्या कडू चहाच्या, पेल्यात ओतून तो पेला नवऱ्याच्या हातात देत, म्हणजे निदान नळी तोंडात असेपर्यंत तोंड बंद राही.

गेल्या कार्निवलला वाल्देमार यांच्या हातून एक खरोखर चांगलं गाणं लिहून झालं. हे त्यांनाही अनपेक्षित होतं. कार्यक्रम संपला की मेळा मंचावरून खाली उतरतो आणि प्रेक्षकांच्या मधून गात गात बाहेर पडतो, तेव्हाचं ते निरोपाचं गाणं.

रात्र आली, रात्र गेली,
बस शेवटची निघाली,
रंग पुसला तोंडावरचा,
ओळख मात्र मागे राहिली.

पुढे पासो मोलिनोचं रेल्वे फाटक होतं, फाटकापाशी कोणाची तरी वाट बघणारा कुत्रा होता, आणि त्या कुत्र्यापाशी पोचेपर्यंत पहिल्या रांगेतल्या बायका पर्समधले रुमाल काढत. चाल वाल्देमार यांच्या दिवंगत मामांची. म्हणजे मामा दाढी करताना ती शिट्टीवर वाजवत. ती मुळात एखाद्या इटालियन ऑपेरातली असावी, असं वाल्देमार यांचं मत होतं. मामांचं नाकच तसं होतं.

कोणीतरी ते गाणं फोनवर टिपलं, कोणीतरी ते इंटरनेटवर टाकलं, आणि ते सुटलं. वृद्धाश्रमात गायलं गेलं, शाळेच्या निरोप समारंभात गायलं गेलं, कुठल्या तरी लग्नात, का कोण जाणे, वधूच्या वडिलांनी गायलं. एप्रिलमध्ये मेळ्याचा ढोलवाला नेल्सन गेला, तेव्हा दफनभूमीच्या दारात सगळ्या मेळ्याने तेच गायलं. ढोल वाजवायला दुसऱ्या कोणाला उभं केलं नाही. ढोलाची जागा आली की सगळे थांबत, आणि मग पुढची ओळ घेत. मेळ्याचा म्होरक्या फ्लाको याने ते टिपून इंटरनेटवर टाकलं. नेल्सनची बायको एल्बा वाल्देमार यांच्या भिंतीला भिंत लावून राहायची. रोज संध्याकाळी कांदा चिरता चिरता ती ते बघायची, आणि भिंतीतून ते इकडे ऐकू यायचं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कवीला आणखी काय हवं असतं? कवीला त्याचं नाव हवं असतं.

एका सकाळी वाल्देमार कोपऱ्यावरच्या ‘ला एस्पिगा’ बेकरीत पाव आणायला गेले. गल्ल्यामागे दोन्या ओफेलिया, म्हणजे ओफेलियाबाई, होत्या. या बाई वाल्देमार लहान असल्यापासून तिथेच उभ्या होत्या, तेव्हाही म्हाताऱ्याच दिसत. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता त्या चक्क निरोपाच्या गाण्याची चाल गुणगुणत होत्या.

वाल्देमार यांनी घसा साफ केला. “गाणं आवडलं वाटतं?”

“हे? हे फार जुनं आहे हो शेजारी. मी लहानपणापासून ऐकतेय.”

“लहानपणापासून? अहो, मी ते गेल्या नाताळात लिहिलंय.”

“तुम्ही?” दोन्या ओफेलियांनी त्यांच्याकडे, आठवड्याचा शिळा पाव ताजा म्हणून परत करायला आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, मायेने पाहिलं. “असेल, असेल. आणखी काही देऊ? बिस्किटं गरम आहेत.”

हा घाव त्यांनी गिळला. बाईंचं वय झालंय, असं त्यांनी मिर्ताबाईंना तीनदा सांगितलं. पण त्याच आठवड्यात फ्लाको धावत आला आणि त्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. नदीपलीकडच्या ब्वेनोस आयरेसची काही पोरं गिटार घेऊन तेच गाणं गात होती. फाटक पासो मोलिनोचं नव्हतं, लानूसचं होतं. बसच्या जागी आगगाडी आली होती. आणि खाली लिहिलं होतं: पारंपरिक अर्जेंटिनी गीत.

आता, उरुग्वेच्या माणसाला काहीही म्हणा, तो सोसतो. पण नदीच्या या काठावरची प्रत्येक चांगली वस्तू पलीकडच्या काठावर जन्मल्याचं त्याला आयुष्यभर ऐकावं लागतं, आणि तिथे मात्र त्याचा तोल जातो. वाल्देमार यांनी हातातला पेला खाली ठेवला.

“कुत्रा?” त्यांनी विचारलं. “कुत्रा ठेवलाय का त्यांनी?”

“ठेवलाय,” फ्लाको खाली बघत म्हणाला. “पण तो त्यांचा कुत्रा आहे म्हणतात.”

संध्याकाळी अंगणात सभा भरली. शेजारचे निवृत्त नोटरी आन्सेल्मो यांना खास बोलावलं होतं. नोटरीसाहेबांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, आणि तेव्हापासून ते कोणाचं तरी काहीतरी कायदेशीर व्हावं याची आशेने वाट बघत होते.

“नोंदणी,” ते म्हणाले. “नोंदणी नसेल तर ते गाणं म्हणजे रस्त्यावर सोडलेली सायकल. कोणीही बसावं.”

“बसू द्या की,” मिर्ताबाई म्हणाल्या. “सायकल काही झिजत नाही. उलट गावभर फिरून आली. वाल्देमार, तुला नाव हवंय ना? मग खाली नाव लिहा म्हणावं आणि गाऊ दे सगळ्यांना.”

“म्हणावं? कोणाला म्हणावं?” नोटरीसाहेब कळवळले. “बाई, कायद्यात ‘म्हणावं’ असं काही नसतं.”

“तू पोरांना एक कडक पत्र लिही,” फ्लाकोने सुचवलं. “नाहीतर पुढच्या गाण्यात त्यांना घेऊ. त्यांची अशी टर उडवू की नदी ओलांडायला लाज वाटेल.”

पण वाल्देमार यांचं ठरलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी विचाराधीन ठेवणाऱ्या माणसाच्या मनात एकदा स्वतःची तक्रार शिरली की तिला बाहेर काढणं कठीण जातं.

नोंदणीच्या कचेरीत खिडकीमागची बाई चांगली होती. तिने गाणं वाचलं, कुत्र्यापाशी आल्यावर तिने चष्मा पुसला, आणि मग विचारलं, “चाल कोणाची?”

“जुनी आहे.”

“जुनी म्हणजे कोणाची?”

“मामांची.”

“मामा संगीतकार होते?”

“मामा टपाल खात्यात होते. पण दाढी करताना...”

“मग आपण नुसते शब्द नोंदवू,” बाई हळूच म्हणाली, आणि तिने शिक्का मारला. वाल्देमार यांना शिक्क्याचा आवाज इतका आवडला की ते पायऱ्या उतरताना सरळ ताठ उतरले. चालीचा प्रश्न त्यांच्या मागे खिडकीतच राहिला.

आता तक्रार. जिथे सगळे व्हिडिओ असत त्या साइटवर तक्रारीची सोय होती, आणि मिर्ताबाईंनी ते बटण दाबायला साफ नकार दिल्यामुळे वाल्देमार आणि नोटरीसाहेब दोघंच संगणकापुढे बसले. मजकूर नोटरीसाहेबांनी सांगितला. पेशातून उतरलेल्या पहिलवानाला एकदा आखाड्यात सोडावं, तसे ते सुटले. ‘सदर शब्दरचना, तिचा कोणताही भाग, कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही व्यक्तीने, कोणत्याही प्रसंगी’ असं लिहून झाल्यावर ते मागे रेलले.

“यातून मुंगीसुद्धा निसटणार नाही,” ते म्हणाले.

नमुना म्हणून मेळ्याचंच ध्वनिमुद्रण जोडायचं होतं. तेही जोडलं. यंत्राने आभार मानले. दोघांनी एकेक छोटा ग्लास द्राक्षाची दारू घेतली.

यंत्र कामाला लागलं, आणि ते सरकारी कचेरीतलं नसल्यामुळे खरोखर काम करू लागलं. पहिल्या दिवशी लग्नातला वधुपिता साइटवरून गेला. वाल्देमार यांनी मान डोलावली. मग वृद्धाश्रम गेला. मग शाळेचा निरोप समारंभ गेला, आणि मुख्याध्यापिका बाजारात वाल्देमार यांना बघून टोमॅटोच्या पलीकडे वळल्या. खाटकाने मांस तोलताना सहज विचारलं, “गाऊ का हो, की परवानगी लागेल?” बसमध्ये दोघं जण गुणगुणायला लागले, वाल्देमार दिसताच थांबले, आणि खिडकीबाहेर अतिशय कायदेशीर चेहऱ्याने बघू लागले.

ब्वेनोस आयरेसच्या पोरांचं गाणं मात्र जागच्या जागी होतं. त्यांनी फाटक बदललं होतं, बसची आगगाडी केली होती, कुत्र्याला नाव दिलं होतं. यंत्राच्या मते ते वेगळंच गाणं होतं. थोडक्यात, जगात ते गाणं ऐकायला मिळण्याची आता एकच जागा उरली होती, आणि ती पलीकडच्या काठावर होती.

“झाली ना मुंगी साफ?” मिर्ताबाईंनी विचारलं. नोटरीसाहेबांनी विषय हवामानाकडे नेला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. जरा वेळाने दारावर टकटक झाली. एल्बा उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्या हाताला कांद्याचा वास.

“वाल्देमार, जरा बघतोस? माझा फोन बिघडलाय बहुतेक. नेल्सन उघडत नाही.”

वाल्देमार यांनी फोन हातात घेतला. काळ्या चौकटीत लिहिलं होतं की हा व्हिडिओ हक्कधारकाच्या विनंतीवरून काढण्यात आला आहे, आणि खाली हक्कधारकाचं संपूर्ण नाव होतं, आईच्या आडनावासकट. जे नाव छापलेलं बघण्यासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला होता, ते अखेर छापलं गेलं होतं.

“काय लिहिलंय रे? चष्मा तिकडे राहिला.”

“विचाराधीन आहे,” वाल्देमार यांच्या तोंडून गेलं.

“मी काही भलतंच दाबलं का?”

“नाही नाही. तू काही नाही दाबलंस, एल्बा.”

“मग येईल ना परत?”

“येईल.”

ती गेल्यावर त्यांनी धावत जाऊन फ्लाकोला फोन केला, की मूळ टिपलेलं तुझ्याकडे असेलच. फ्लाको म्हणाला की होतं, पण तो फोन हिवाळ्यात गळ टाकताना नदीत पडला. आणि बरं झालं तू फोन केलास, मीच येणार होतो. कार्निवलच्या संयोजकांचं पत्र आलंय. आपलं निरोपाचं गाणं वादग्रस्त आहे. वाद मिटेपर्यंत ते मंचावर गाता येणार नाही.

“वादग्रस्त? कोणी घातला वाद?”

“वाल्देमार बेन्तानकोर नावाच्या माणसाने,” फ्लाको म्हणाला. “कोणाविरुद्ध, ते विचार ना. वाल्देमार बेन्तानकोरच्या मेळ्याविरुद्ध. अरे, लोक बायकोशी भांडतात, सासूशी भांडतात. तू तर थेट आरशावर खटला भरलास!”

“नवं गाणं लिहितो मी.”

“लिही ना. पण नेल्सनशिवायच्या या पहिल्या कार्निवलला आम्ही हेच गाणार होतो. ढोलाची जागा मोकळी ठेवून. एल्बाला तसं सांगितलंय मी.”

त्या रात्रीचं जेवण वाल्देमार यांना गेलं नाही. मिर्ताबाईंनी ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त मिठाची बाटली जरा जोरात ठेवली.

तक्रार मागे घ्यायची ठरली. नोटरीसाहेबांनी मागे घेण्याचा मजकूरही लिहायला घेतला, पण त्याआधीच यंत्राचं दुसरं पत्र आलं. यंत्राने जोडलेला नमुना ऐकला होता. शब्द वाल्देमार यांचे असतील, पण चाल एका जुन्या रेडिओच्या संग्रहातल्या पियानोच्या तबकडीशी तंतोतंत जुळत होती. चालीचे हक्क एलेउतेरिओ गार्मेंदिया या दिवंगत संगीतकाराच्या वारसांकडे होते, म्हणून वाल्देमार यांचा दावा थांबवण्यात आला होता आणि जे जे थोडंफार शिल्लक होतं, तेही बंद झालं होतं. वारसांची संमती आणल्यास पुढे बघू.

“म्हणजे आता मी...”

“फिर्यादीही तुम्हीच आणि आरोपीही तुम्हीच,” नोटरीसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण डोळ्यांत तिशीतली चमक होती. “असा खटला मला नोकरीत असताना कधी मिळाला नाही.”

वाल्देमार यांना सगळ्यात जास्त लागलं ते मामांचं. इटालियन ऑपेरा सोडा, मामा रेडिओ ऐकून शिट्टी मारत होते.

संगीतकारांच्या संस्थेत ते रजा काढून गेले. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, “वारसांशी संपर्क साधा.”

“पत्ता द्या.”

“पत्ता गोपनीय असतो.”

“मग संपर्क कसा साधू?”

“पत्र लिहा. आम्ही पोचवू.”

“उत्तर कधी येईल?”

“ते वारसांवर आहे,” गृहस्थ म्हणाले. “तोवर आपली विनंती विचाराधीन राहील.”

 इतक्या वर्षांत ते वाक्य वाल्देमार यांनी पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूने ऐकलं होतं. बाहेरून ते बरंच लांब वाटत होतं.

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, नोटरीसाहेबांना जवळ फिरकू न देता. ‘परम आदरणीय वारस महोदय’ अशी सुरुवात करून त्यांनी आपली चूक कबूल केली, दिवंगत संगीतकाराच्या प्रतिभेपुढे मस्तक झुकवलं, आणि शेवटी लिहिलं की एका विधवेचा व्हिडिओ आपल्या एका सहीवर अडला आहे. पत्र पाठवलं आणि ते वाट बघू लागले. भिंतीपलीकडे संध्याकाळी नुसती सुरी पाटावर वाजायची. एल्बा काही विचारत नव्हती, हेच वाईट होतं. मंचासाठी तालमी सुरू झाल्या. फ्लाको शेवटचं गाणं सोडून बाकी सगळं घोटून घेत होता, आणि शेवटाकडे आलं की मेळा गप्प उभा राहायचा, दारापाशी कोणी ‘या’ म्हणेपर्यंत अवघडून थांबलेल्या पाहुण्यासारखा.

एका सकाळी वाल्देमार पाव आणायला गेले. दोन्या ओफेलियांनी त्यांना थांबवलं.

“शेजारी, तुम्ही कचेरीतले. हे जरा वाचून दाखवा. काय लिहिलंय कळत नाही. कोणीतरी सारखं मस्तक झुकवतंय.”

वाल्देमार यांनी कागद हातात घेतला. अक्षर ओळखीचं होतं. स्वतःचंच होतं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मागे भट्टी होती. पळायला जागा नव्हती. त्यांनी ‘परम आदरणीय वारस महोदय’ पासून सुरुवात केली. प्रतिभेपर्यंत आले तेव्हा कान तापले. विधवेपर्यंत आले तेव्हा त्यांनी कागद गल्ल्यावर ठेवला.

“दोन्या ओफेलिया,” ते म्हणाले, “आपलं आडनाव गार्मेंदिया आहे?”

“मग काय असणार? बापाचं तेच आहे ना. पुढे वाचा की. शेवटी काय म्हणतो तो माणूस?”

“तो माणूस मी आहे.”

दोन्या ओफेलियांनी पिठाचे हात एप्रनला पुसले. “तुम्ही? मग इतक्या लांबून पत्र कशाला पाठवलं? रोज तर पाव नेता.”

“आपण माझ्या गाण्यावर तक्रार केलीत असं...”

“मी? मी कशाला तक्रार करू? मी पाव भाजते. ती तुमची यंत्रं करत असतील. मी तर तुम्हाला तेव्हाच म्हटलं, हे मी लहानपणापासून ऐकतेय. तुम्ही रागावून निघून गेलात. बिस्किटंही घेतली नाहीत.”

मग सगळा उलगडा झाला. एलेउतेरिओ गार्मेंदिया रेडिओवर पियानो वाजवत आणि जाहिरातींना चाली लावत.

“कसली जाहिरात होती?” वाल्देमार यांनी घाबरत विचारलं.

“काहीतरी घरगुती. शब्द आता कुठले आठवायला!” दोन्या ओफेलिया पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि खरं सांगू? बाबांनी ती चाल धारवाल्याकडून उचलली. तो सायकलवर चाकू-कात्र्यांना धार लावत यायचा ना, बासरी फुंकत, त्याच्या बासरीवरून. बाबा खिडकीत उभे राहून लिहून घ्यायचे. आई म्हणायची, निदान एक चाकू तरी द्या त्याला धारेला!”

वाल्देमार यांच्या छातीवरचा दगड थोडा हलला. म्हणजे मामांनी रेडिओकडून, रेडिओने धारवाल्याकडून, आणि धारवाल्याने कोणाकडून, ते शोधायला कुठलंच यंत्र जाणार नव्हतं.

“मग संमती देता?”

“देते की. पण फुकट नाही.” गिऱ्हाइकांनी कान टवकारले. “मंचावर बाबांचं नाव घ्यायचं. मोठ्याने. माझ्या बाबांचं नाव आजवर कोणी घेतलेलं नाही. जाहिरातीखाली कोण नाव लिहितं? आयुष्यभर लोक त्यांची चाल गुणगुणत दुकानात यायचे, आणि ते तिथे कोपऱ्यात बसून नुसते बघायचे.” त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे हनुवटीने दाखवलं. “तुम्हाला नाही समजायचं.”

“समजतं,” वाल्देमार म्हणाले. “फार चांगलं समजतं.”

त्यांनी बिस्किटं घेतली. नको होती तरी घेतली.

पुढचं सगळं इतकं सोपं झालं की नोटरीसाहेबांना ते अपमानास्पद वाटलं. दोन्या ओफेलिया वाल्देमार यांच्याबरोबर बसने संस्थेत गेल्या, सही केली, आणि त्या गोपनीय पत्त्याच्या गृहस्थांना पाव दिले. तक्रार मागे घेताना कारण लिहायचं होतं. नोटरीसाहेबांचं कारण चौकटीत मावेना. शेवटी मिर्ताबाईंनी त्यांना बाजूला सरकवलं, ‘चूक झाली’ असे दोन शब्द लिहिले आणि बटण दाबलं. यंत्राने ते मान्य केलं.

“आणि आता हेही लिहा,” त्या म्हणाल्या. “कोणीही गावं, कोणीही वाटावं. खाली दोघांची नावं लिहावीत, बस.”

“असा परवाना असतो,” नोटरीसाहेब खिन्नपणे म्हणाले. “तयारच मिळतो. मी पाहिला होता. मला वाटलं, इतकं सोपं आहे म्हणजे कमी दर्जाचं असेल.”

व्हिडिओ आपल्या मर्जीने एकेक करून परतले. आधी वधुपिता आला, मग शाळा आली. वृद्धाश्रम आला तेव्हा वाल्देमार यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. एका संध्याकाळी ते अंगणात बसले असताना भिंतीपलीकडची सुरी थांबली. मग मेळ्याचे आवाज आले, ‘रात्र आली, रात्र गेली’, आणि मग ती मोकळी जागा, ज्यात ढोल नव्हता. मग पुढची ओळ.

मिर्ताबाईंनी पेला पुढे केला. वाल्देमार यांना नळी सापडायला थोडा वेळ लागला.

“उघडला बरं का,” एल्बाने भिंतीवरून ओरडून सांगितलं. “मीच नीट दाबत नव्हते!”

“हो,” वाल्देमार ओरडले. “तसंच झालं असेल!”

फेब्रुवारीत वस्तीच्या मंचापुढे खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत दोन्या ओफेलिया काळ्या पोशाखात, शेजारी एल्बा, मग मिर्ताबाई, वाल्देमार आणि टाय लावलेले नोटरीसाहेब. मेळ्याने सरकारची, महापौरांची आणि लानूसच्या पोरांची यथेच्छ हजामत केली. शेवटी निवेदक माइकपाशी आला. वाल्देमार यांनी कॉलर सारखी केली.

“आता निरोपाचं गाणं,” निवेदक म्हणाला. “चाल, एलेउतेरिओ गार्मेंदिया!”

दोन्या ओफेलिया उभ्याच राहिल्या. लोकांना वाटलं की याच कोणीतरी असाव्यात, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या लांबल्या. निवेदक हातातल्या कागदाकडे बघत होता, कागद वाऱ्याने उलटला होता.

“आणि शब्द...” तो म्हणाला, जरा अडखळला, आणि मग दोन्ही हात पसरून ओरडला, “शब्द आपल्या सगळ्यांचे!”

नोटरीसाहेब तीरासारखे उठले. वाल्देमार यांनी त्यांच्या कोटाची शेपटी धरून त्यांना खाली बसवलं.

“अहो, हा उघड भंग आहे! परवान्यात नाव...”

“बसा हो,” वाल्देमार म्हणाले. “ऐकू द्या.”

मेळा खाली उतरला आणि खुर्च्यांच्या मधून गात निघाला. ढोलाची जागा आली तेव्हा सगळे थांबले, आणि त्या शांततेत एल्बाने गुडघ्यावर हळूच हात आपटला. मग पुढची ओळ सगळ्या वस्तीने घेतली. त्यातल्या निम्म्यांना शब्द पाठ होते आणि उरलेल्यांनी स्वतःचे घातले. वाल्देमार यांना वाटलं होतं की या क्षणी आपल्याला नावाची हळहळ वाटेल. ती त्यांनी जरा शोधली. सापडली नाही. उलट बरेच महिने घट्ट झालेला बूट काढल्यावर पायाला वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाव आणायला गेले. दोन्या ओफेलिया खुशीत होत्या.

“शेजारी, काल घरी गेले आणि बाबांच्या जाहिरातीचे शब्द आठवले की हो! सगळे!” आणि गल्ल्यावर ताल धरून त्यांनी म्हणून दाखवलं:

मुंगी आली, मुंगी गेली,
त्राकालने साफ झाली,
गुलाब हसला बागेमधला,
मालकीण मात्र खूश झाली.

वाल्देमार यांनी पाव घेतले. ‘आली’, ‘गेली’ आणि तिसऱ्या ओळीनंतरचा तो ‘मात्र’ त्यांच्या कानात घुमत राहिला. मामा नुसती शिट्टी मारत, हे त्यांना पक्कं आठवत होतं. निदान आतापर्यंत पक्कं आठवत होतं. नोंदणीच्या कचेरीतला तो शिक्काही आठवला. दुकानात तिसरं कोणी नाही, हे त्यांनी मागे वळून बघून घेतलं.

“त्राकाल म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“मुंग्यांची पावडर,” दोन्या ओफेलिया म्हणाल्या. “मरायच्या नाहीत तिने मुंग्या.”